बोंडअळीच्या कव्हरातली गौरम्मा

१

सोलापुरात ऐन एप्रिलमध्ये भरदुपारी सत्कार ठेवणं हा गुन्हा कुठल्या कलमाखाली बसतो, ठाऊक नाही. पण त्या रविवारी होटगी रोडवर जोतिराम गव्हाणे यांच्या बंगल्यात त्याहून मोठा गुन्हा उघडकीला आला आणि पहिला माफ झाला.

गव्हाणे हे ‘रेकॉर्ड रसिक मंडळा’चे संस्थापक, अध्यक्ष आणि बहुतेक वेळा एकमेव वक्ते. त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीभर काचेची कपाटं, आत रेकॉर्डी, कपाटांना कुलूप आणि किल्ली गव्हाण्यांच्या जानव्याला. एसीचा झोत कपाटांकडे वळवलेला. माणसांना पंखा.

सोफ्यावर सत्कारमूर्ती गौरम्मा हत्तुरे बसल्या होत्या. पन्नास वर्षांपूर्वी त्यांनी गवळणींची आणि कानडी पदांची एक रेकॉर्ड केली. कंपनीने थोड्याच प्रती काढल्या आणि स्वतःचं दुकान बंद केलं. गौरम्मांकडे एकही प्रत उरली नाही. मग गेल्या दिवाळीत घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला पांढरा रुमाल आला. आवाज गेला तो गेलाच. आता त्यांचा आवाज जगात फक्त एका काळ्या तबकडीत उरला होता. लग्नांत लाउडस्पीकर लावणाऱ्या लालसाब शेख यांनी आपली रेकॉर्डींची जुनी पेटी संक्रांतीला मंडळाला देऊन टाकली, त्या पेटीत ती निघाली. आज ती वाजणार होती. गौरम्मा ठेवणीतलं इरकल नेसून आल्या होत्या.

त्याआधी अर्थातच भाषण.

“आजच्या डिजिटल जमान्यात,” गव्हाणे म्हणाले, “गाण्याची फाइल होते. फाइल म्हणजे गाण्याचं प्रेत! मी रोज पहाटे गौरम्मांची ही तबकडी लावतो. आज पहाटेही लावली. डोळे भरून आले हो!”

गौरम्मांच्या फोटोचं कव्हर उचलून त्यांनी आतली तबकडी लालसाबांच्या हातात दिली. लालसाबांनी ती यंत्रावर ठेवली. सुईवर तांबडं प्लॅस्टिकचं टोपण होतं. ते निघेना. नखाने खरवडून, शेवटी दाताने ओढून त्यांनी ते काढलं आणि सुई टेकवली.

थोडी खरखर झाली. मग सरकारी घशाचा एक पुरुष म्हणाला, “शेतकरी बंधूंनो! कपाशीवर बोंडअळी दिसताच घाबरून जाऊ नका.”

मागे कोणीतरी हसलं. गौरम्मा हसल्या नाहीत. त्या यंत्राकडे अशा बघत होत्या, जसं काही त्याने त्यांच्या कानाखाली वाजवली होती.

लालसाब मात्र डोळे मिटून झकास डोलत होते. जन्मभर कर्ण्यांखाली उभं राहून त्यांचे दोन्ही कान कामातून गेले आहेत. कोणीतरी हलवलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले, सगळ्यांची तोंडं पाहिली आणि कपाळावर हात मारला.

“या अल्ला! ह्या कव्हरात कशी असंल ती? ती बोंडअळीच्या कव्हरात हाय की! गव्हाणेसायेब, बोललो होतो ना तुमाला!”

बोंडअळीचं कव्हर शोधायला सगळे कपाटांकडे धावले. सिनेमांची कव्हरं भरपूर होती. बोंडअळीचं तेवढं नव्हतं.

गव्हाणे घाम पुसत आतल्या खोलीत गेले, कोणाला तरी फोन करून बाहेर आले आणि छत दणाणेल अशा आवाजात म्हणाले, “हा म्हातारा चोर आहे! रेकॉर्ड आधीच विकली आणि आम्हाला नुसतं कव्हर दिलं!”

२

“अक्का म्हणतीय, त्या गव्हाण्याला उलटा टांगा.”

गौरम्मांनी फक्त मूठ वळली होती. बाकीचं भाषांतर त्यांच्या धाकट्या बहिणीचं, चन्नम्मांचं. अक्काचा आवाज गेल्यापासून चन्नम्मांनी दोघींचं बोलणं एकटीने अंगावर घेतलं होतं, आणि त्या त्यात कंजुषी करत नव्हत्या.

समोर वैजयंती बिराजदार बसल्या होत्या. शेजारचंच घर, आणि सत्काराला त्याही मागच्या रांगेत होत्या. वीज कंपनीच्या भरारी पथकात त्यांनी अख्खी नोकरी काढली. आकडे टाकणारे कारखानदार, मीटरमध्ये केसाची पिन खुपसणारे वकील, देवळाच्या नावाखाली तीन पिठाच्या गिरण्या चालवणारे भक्त, सगळे त्यांनी पकडले. निवृत्तीनंतर कॉलनीतल्या लोकांना वाटलं, बाई आता शांत होतील. बाईंना ते कोणी कळवलं नाही.

“पोलिसात जायचं का?” वैजयंतीबाईंनी विचारलं.

गौरम्मांनी हात झटकला.

“अक्का म्हणतीय, पोलीस काय करत्यात? रेकॉर्ड म्हटलं की ते चहा मागवत्यात. अन् म्हणतीय, दुसऱ्या कुणाला दाखवायला नगं मला ती. मी कशी गात हुते ते मलाच आठवना झालंय. एकदा ऐकू दे, मग फोडा ती रेकॉर्ड, अशी म्हणतीय.”

गौरम्मांनी बहिणीकडे रोखून पाहिलं.

“फोडा म्हणाली न्हाय,” चन्नम्मा म्हणाल्या. “ते माझं.”

३

लालसाबांचं घर विजापूर वेशीच्या आत. दारात तीन शेजारी उभे होते आणि मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला ‘चोर’ हा शब्द एकमेकांना दाखवत होते. वैजयंतीबाईंनी तिघांनाही त्यांच्या घरच्या मीटरबद्दल आपुलकीने विचारलं. गल्ली मोकळी झाली.

“रेकॉर्डी चुकीच्या कव्हरात का ठेवायचात?” त्या लालसाबांच्या कानात ओरडल्या.

“लग्नात दोन चीजा चोरी होत्यात, बाई. चपला आन् रेकॉर्डी.” लालसाब त्याहून मोठ्याने ओरडले. “कव्हरावर हिरॉइन दिसली की वऱ्हाडी गायब करणार. आन् दुसरा स्पीकरवाला असायचाच मांडवाभोवती. कुठलं गाणं लोकांना आवडलं, कव्हर बघून जायचा, पुण्याहून तेच मागवायचा. मंग मी अदलाबदल केली. तबकडीच्या लेबलावर बी कागद चिकटवला. कुटं काय, ते फकत हितं!” त्यांनी टाळूवर बोट आपटलं. “गौरम्माची लई जपायची होती. तिला बोंडअळीत घातली. बोंडअळी कोण चोरणार, सांगा!”

“हे गव्हाण्यांना सांगितलंत?”

“पेटी देतानाच सांगितलं. पर ते भाषण करत होते ना.”

“कोणापुढं?”

“माझ्यापुढंच. आमी दोघंच होतो.”

मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. बहिऱ्या माणसाचा आवाज खाली येतो तेव्हा बरं वाटत नाही.

“बाई, मी हजार मांडवांत गेलो. लोकांचे दागिने पडलेले उचलून दिले. आता मला चोर बोलतात. माझ्या कानाला ऐकू येत न्हाय, पर तोंडं दिसत्यात ना.”

वैजयंतीबाई उठल्या. त्यांना राग आला की त्या चष्मा पुसतात. त्या दिवशी चष्मा तीनदा पुसून झाला होता.

४

मंडळात गव्हाण्यांना उघड विरोध करणारा एकच सभासद होता, अभिमन्यू चिप्पा. साखर पेठेत त्याचा कॉम्प्युटर क्लास. सगळ्या रेकॉर्डींच्या फाइली करून ठेवाव्यात, असं तो प्रत्येक सभेत सुचवायचा आणि प्रत्येक सभेत ‘प्रेतवाहक’ म्हणवून घ्यायचा.

“गव्हाण्यांच्या घरी स्पीकर तू बसवलेस. कधी?” वैजयंतीबाईंनी विचारलं.

“शिवरात्रीच्या सुमाराला. ते वेळापूरला लग्नाला गेले होते. कपाटं वायरसाठी हलवायची म्हणून किल्ली ठेवून गेले.”

“दिवसभर एकटा होतास. फाइली केल्यास ना?”

अभिमन्यू खुर्चीत खाली सरकला. “मॅडम, कृपा करून ग्रुपवर टाकू नका.”

“आपला प्लेयर घेऊन गेलास?”

“हो. लालसाबचाचांची पेटी तेवढी केली. एकेक लावायची, मशीन आपोआप रेकॉर्ड करतं. मी मोबाइलवर मॅच बघत होतो. फाइलीला नाव कव्हरावरचं.”

“आणि गौरम्मांची फाइल ऐकलीस.”

“ऐकली!” तो एकदम भडकला. “ती एकच ऐकली आणि त्यात बोंडअळी! मला तेव्हाच कळलं होतं, आत गौरम्मा नाहीत. पण सांगणार कसा? सांगितलं तर मी कपाट उघडलं हे कळणार. म्हटलं, चाचांनीच फसवलं असेल. गप्प बसलो.”

“काल चाचांना चोर म्हणाले तेव्हाही गप्प बसलास.”

अभिमन्यू माउसची वायर बोटाला गुंडाळू लागला. वैजयंतीबाई पुढच्या प्रश्नावर गेल्या.

“शिवरात्रीला पेटीत बोंडअळीचं कव्हर होतं?”

“होतं. आत तबकडीही होती. तिचीही फाइल केली.”

“ती ऐकलीस?”

“मॅडम, बोंडअळीवरचं भाषण कोण ऐकणार?” असं म्हणता म्हणता अभिमन्यूचं तोंड उघडं राहिलं. त्याने घाईघाईने कॉम्प्युटर ओढला, ‘कपाशी’ असं टाइप केलं आणि हेडफोन कानाला लावला.

हार्मोनियमचे सूर त्याला ऐकू आले असावेत. कारण थोड्या वेळाने त्याने हेडफोन काढून बाईंपुढे धरला आणि मान खाली घातली.

वैजयंतीबाईंनी ऐकलं. मग म्हणाल्या, “आवाज सापडला. आता तबकडी कोणी नेली ते बघू. ह्यातलं कोणाला बोललास, तर तुझ्या क्लासचं मीटर मी स्वतः येऊन बघीन.”

५

घरी परतताना रिक्षात त्यांनी हिशेब मांडला, आणि तो मोठ्याने मांडला. रिक्षावाल्याला वाटलं, बाई फोनवर बोलतायत.

ज्याला गौरम्मा हव्या होत्या आणि लालसाबांची युक्ती ठाऊक नव्हती, तो गौरम्मांचं कव्हर पळवणार. ते जागेवर आहे. ज्याला युक्ती ठाऊक होती, तो आतली तबकडी काढून त्यात दुसरी सरकवणार, बोंडअळीचं कव्हर तसंच ठेवणार, म्हणजे वर्षभर कोणाला पत्ता लागणार नाही. पण कव्हर तबकडीसकट गेलंय. याचा अर्थ, नेणाऱ्याने ती बोंडअळी म्हणूनच नेली.

“मग बोंडअळी कोणाला हवी होती?” बाई म्हणाल्या.

“कुणाला बी न्हाय,” रिक्षावाला म्हणाला.

“बरोब्बर. म्हणजे ती कोणी चोरली नाही. कोणीतरी फेकून दिली.”

फेकणाऱ्याला कपाट उघडावं लागलं असणार. किल्ली जानव्याला. राहता राहिला प्रश्न, सोलापुरात टाकाऊ रेकॉर्डी घेतं कोण? रद्दीवाला घेत नाही, कारण ती कागद नाही. भंगारवाला घेत नाही, कारण ते लोखंड नाही. पण नुकत्याच झालेल्या गुढीपाडव्याला सात रस्त्यापाशी एक नवीन कॅफे उघडला होता. नाव ‘तबकडी’.

“रिक्षा वळवा,” बाई म्हणाल्या.

कॅफेत शिरताच त्यांनी चष्मा पुसायला काढला. भिंतींवर रेकॉर्डी खिळे ठोकून लावल्या होत्या. एकीला काटे बसवून घड्याळ केलं होतं. दोन रेकॉर्डींची मधली भोकं मोठी करून त्यांतून दिवे सोडले होते. फळ्यावर लिहिलं होतं, ‘जुन्या सुरांच्या सावलीत’. आणि छतातल्या स्पीकरमधून मोबाइलवरचं धडधड गाणं वाजत होतं. गिऱ्हाइकं रेकॉर्डींपुढे फोटो काढत होती. वाजवायचं यंत्र कुठेच नव्हतं.

मालक इंद्रजीत मोहिते हसत आला. “काकू, नॉस्टॅल्जिया थाळी घेणार? कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. एकदम व्हिंटेज.”

“आण.”

थाळी आली. शेंगाचटणी एका काळ्या, लाटालाटांच्या काठाच्या वाडग्यात होती.

“हे कसलं भांडं?”

“आमची खासियत आहे काकू! रेकॉर्ड ओव्हनमध्ये ठेवायची, मऊ झाली की पातेल्यावर उलटी घालून दाबायची. लोक वेडे होतात ह्याला.”

“रेकॉर्डी कुठून आणता?”

इंद्रजीतचं हसू थोडं आवरलं. “असंच. इकडून तिकडून.”

“काल दुपारी गव्हाण्यांचा फोन आला होता ना?”

“नाही! म्हणजे, गव्हाणे कोण?”

बाईंनी चटणी भाकरीवर काढून घेतली. ती वाया घालवण्याइतक्या त्या रागावलेल्या नव्हत्या. मग वाडगा उलटा केला. मधल्या लेबलावर कधीतरी कागद चिकटवलेला असावा. ओव्हनच्या धगीने डिंक सुटून तो अर्धा निघाला होता. त्याखाली जुनी तांबडी छपाई होती, वर कानडीत आणि खाली मराठीत. शेंगदाण्याच्या तेलाचं बोट पुसून बाईंनी वाचलं.

गौरम्मा हत्तुरे, सोलापूर.

इंद्रजीतने वाकून पाहिलं आणि पटकन म्हणाला, “काकू, पाडव्याच्या साफसफाईत गव्हाण्यांनीच पोतं पाठवलं. फालतू आहेत म्हणाले, भाषणं वगैरे. मला काय माहीत आत काय आहे?”

“तुम्ही वाजवून नाही पाहिलीत?”

“वाजवायला मशीन कुठाय माझ्याकडं?”

“काल फोनवर काय म्हणाले?”

“कोणी विचारलं तर माझं नाव घेऊ नको म्हणाले. आणि बोंडअळीचं कव्हर जाळून टाक म्हणाले. मी जाळलं. सॉरी काकू.”

बाईंनी वाडगा पिशवीत घातला आणि भाकरी संपवली. चष्मा पुन्हा पुसावा लागला, पण भाकरी चांगली होती.

६

पुढच्या रविवारी मंडळाची तातडीची सभा गव्हाण्यांनीच बोलावली. विषय, ‘लालसाब शेख यांच्यावरील कारवाई’. सभासद जमले. लालसाब आले. वैजयंतीबाईंबरोबर गौरम्मा आणि चन्नम्माही आल्या. अभिमन्यू स्पीकरच्या तारांशी काहीतरी खटपट करत बसला.

“अध्यक्ष महाराज,” वैजयंतीबाई म्हणाल्या, “दोन शंका आहेत. पहिली. तुम्ही रोज पहाटे गौरम्मांची तबकडी लावता. त्या कव्हरात लालसाबांनी पहिल्यापासून बोंडअळी ठेवली होती. मग रोज पहाटे तुमचे डोळे भरून येत होते ते नक्की कशाने? फवारणीच्या औषधाने?”

मागच्या रविवारी हसलेला माणूस पुन्हा हसला. ह्या वेळी तो एकटा नव्हता.

“दुसरी. मी मीटर तपासायची. सील तुटलेलं नसेल तर मीटर कोणी उघडलेलं नाही, एवढं सोपं असतं. तुमच्या सुईचं टोपण लालसाबांना दाताने काढावं लागलं. गव्हाणेसाहेब, ह्या यंत्रावर तुम्ही आजवर एकही रेकॉर्ड वाजवलेली नाही.”

“झिजतात त्या!” गव्हाणे एकदम ओरडले. “सुईने रेकॉर्ड झिजते! मी जपतो! तुम्हाला काय कळणार जपणं म्हणजे काय!”

बाईंनी पिशवीतून वाडगा काढून मेजावर ठेवला. लेबलाची बाजू वर.

गव्हाण्यांनी एकदा लेबलाकडे पाहिलं, एकदा काठाच्या लाटांकडे, आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.

“पाडव्याला कपाट लखलखीत दिसावं म्हणून तुम्ही कव्हरं बघून पोतंभर रेकॉर्डी काढून टाकल्यात,” बाई म्हणाल्या. “त्यात ही गेली. चूक होती. चुकीला मी काही बोलले नसते. पण मागच्या रविवारी लालसाब बोलल्याबरोबर तुम्हाला उमगलं होतं आपण काय टाकलंय ते. तुम्ही आत गेलात, फोन केलात, कव्हर जाळायला लावलंत, आणि बाहेर येऊन ह्या म्हाताऱ्याला चोर म्हणालात. ह्याच्या दारात लोक उभे राहिले आठवडाभर. का, तर अध्यक्ष गाणी ऐकतच नाहीत हे कोणाला कळू नये म्हणून!”

“क्या हुआ?” लालसाबांनी विचारलं. “काय बोलल्या?”

चन्नम्मा त्यांच्या कानाशी गेल्या. “तुमी चोर न्हाय म्हणत्यात! चोर त्यो हाय! लबाड हाय! त्याच्या तोंडात माती घाला म्हणत्यात!”

“एवढं बोलल्या?”

“बोलायला लागतंय का? कळतं की!”

गौरम्मा उठून मेजापाशी आल्या. त्यांनी वाडगा हातात घेतला, काठावरून अंगठा फिरवला, आत पाहिलं. लाटांवर वळलेल्या बारीक रेघा अजून दिसत होत्या. त्यांचा चेहरा असा झाला की गव्हाण्यांच्या बाजूला बसलेल्यांनी खुर्च्या सरकवल्या. वाडगा आता भिरकावला जाणार, असं सगळ्यांना वाटलं.

“लाव,” वैजयंतीबाई अभिमन्यूला म्हणाल्या.

गव्हाण्यांच्या महागड्या स्पीकरांतून आधी खरखर आली. मग पेटी आणि तबला. मग एका तरण्या बाईचा आवाज सुरू झाला. धारदार, थोडा उद्धट, कोणाची परवानगी न घेता वर चढणारा. लालसाब उठले आणि स्पीकरच्या लाकडावर दोन्ही तळवे टेकवून उभे राहिले.

गौरम्मा वाडगा पोटाशी धरून खाली बसल्या. सगळे त्यांच्या डोळ्यांत पाणी शोधत होते. पाणी आलं नाही. पहिलं कडवं संपलं आणि त्यांच्या भुवया जुळल्या. उजवा हात मांडीवर पडू लागला, गाण्यातल्या तबल्यापेक्षा संथ, ठाम, पुन्हा पुन्हा. त्या स्पीकरकडे बघून दात खात होत्या.

“काय म्हणतायत?” वैजयंतीबाईंनी हळूच विचारलं.

“तबलजी पळतोय म्हणतीय,” चन्नम्मा कुजबुजल्या. ह्या वेळी त्यांनी पदरचं काही घातलं नव्हतं. “तवाच सांगितलं हुतं म्हणतीय, लय धर. ऐकला न्हाय मुडदा. मरून गेला, तरी पळतोयच.”

गव्हाणे उभे राहिले. घसा खाकरला, दोन्ही हात जोडले. “गौरम्मा, आज या मंचावरून मी अंतःकरणपूर्वक—”

गौरम्मांनी मान वळवली नाही. फक्त डावा तळवा त्यांच्या दिशेने उभा केला. उजवा लय धरून होता.

गव्हाणे बसले. त्यांनी तोंड मिटलं. दुसरी बाजू अजून पूर्ण बाकी होती.